पहिल्या बर्फाआधी गाडीची तयारी: घरी काय करता येतं आणि काय करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९ वर्षं जुनी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतलीये, बर्फ पडतो अशा ठिकाणी हा पहिलाच हिवाळा, सकाळी सेल्फ जड येतोय म्हणून बॅटरी बदलायचा विचार चाललाय, आणि दर छोट्या गोष्टीला गॅरेज गाठायला नको म्हणून घरी काय काय करता येईल ते हवंय. तीस वर्षं हात काळे केलेत त्यामुळे सांगायला बरंच आहे, पण आधी एक सांगतो, बॅटरी अजून घेऊ नका. आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. थंडीत गाडी बंद पडली की लोक थंडीला शिव्या घालतात, पण बिघाड बहुतेक वेळा चार-सहा महिने आधीपासून गाडीत बसलेला असतो, उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून तो झाकला जातो इतकंच. बॅटरीचंच बघा ना, तिची खरी वाट उन्हाळ्यातली उष्णता लावते, थंडी फक्त ते उघडं पाडते.

तर सेल्फपासूनच सुरू करू. रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी चावी न लावता, दारं उघडबंद न करता (आतले दिवे लागतात आणि रीडिंग खाली येतं) बोनेट उघडून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामीच समजा. आदल्या संध्याकाळी गाडी बंद केल्या केल्या मोजलंत तर आकडा खोटा चांगला येतो, म्हणून सकाळचंच रीडिंग धरायचं. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटरवर लक्ष ठेवा, फार थंडी नसताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलीये. शेवटी इंजिन चालू असताना मोजा, १३.८ ते १४.७ च्या मध्ये यायला पाहिजे, तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याला फिरवणाऱ्या बेल्टकडे आहे आणि नवीन बॅटरी पण महिन्याभरात झोपेल. हल्लीच्या काही गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो, त्यामुळे हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून परत एकदा बघा.

आता गंमत अशी की बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ जड येऊ शकतो. माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, मालकाने एका हिवाळ्यात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि तिसरी डिकीत घेऊनच आला होता. मी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची जाड वायर हलवली तर तिच्या बोल्टखाली नुसता गंज. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. हे तुम्हाला घरी पकडता येतं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लँपवर नाही, खुंटीवर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारताना बघायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर करंट वाटेत कुठेतरी अडतोय. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं साचलेलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, जुन्या टूथब्रशने घासा, धुवा, सुकवा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. बॅटरीच्या वायरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असेल तर जी ठिणगी उडते ती एकदा बघितली की माणूस जन्मभर विसरत नाही. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

शून्य अंशावर बॅटरीची ताकद पाचवा हिस्सा गेलेली असते, उणे १८ च्या आसपास निम्मी किंवा त्याहून कमी उरते, आणि नेमकं तेव्हाच तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार. म्हणून नवीन घ्यायची वेळ आलीच तर बॅटरीवर सीसीए म्हणून जो आकडा असतो तो बघा, उणे १८ अंशाला ३० सेकंद बॅटरी किती अँपिअर देऊ शकते ते तो सांगतो, मॅन्युअलमध्ये दिलाय त्यापेक्षा कमी नको. आणि अजून एक, भरलेली बॅटरी उणे ५० पर्यंत गोठत नाही पण पूर्ण उतरलेली उणे १० च्या आतबाहेरच गोठते, कारण तिच्यातलं आम्ल जाऊन जवळजवळ पाणीच उरलेलं असतं. फुगलेली किंवा आत बर्फ झालेली बॅटरी कधीही जंप स्टार्ट (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून सुरू करणं) करू नका, चार्जरला पण लावू नका, फुटते.

तेलाबद्दल लोक उगाच घाबरतात. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ राहतं. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने "जुनं इंजिन आहे, जाड तेल घाला" असं कुणाचं तरी ऐकून १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू ओतलेलं असणं अगदी शक्य आहे, आणि तुमचा जड सेल्फ त्याच्यामुळे पण असू शकतो. शेवटचं तेल कुठलं घातलंय ते माहीत नसेल तर बदलूनच टाका, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. घरी करण्यासारखं काम आहे, फक्त ड्रेन प्लग हाताने फिरवून आटे नीट बसले की मगच पाना लावा, प्लग तिरका बसवून सम्पचे (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचे) आटे मारलेत तर स्वस्तात केलेलं काम फार महागात पडतं.

आणि गाडीखाली जायचंच आहे तर जॅकचं ऐका. जॅक फक्त उचलायला, धरून ठेवायला स्टँड. सपाट कडक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक, स्टँड बॉडीच्या ठरलेल्या जागेवर, आणि आत शिरायच्या आधी गाडीला बाजूने जोरात हलवून बघायचं. मी नवीन होतो तेव्हा गाडी गिअरमध्ये आहे म्हणून हँडब्रेक लावला नव्हता, पुढचं एक चाक उचललं, आणि गाडी जॅकवरून सरकून खाली बसली, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) ते मोकळं फिरतं आणि गिअर काहीच धरत नाही. माझे पाय त्या वेळी बाहेर होते. नशीब, दुसरं काही नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी. टाकीत रंगीत पाणी दिसतंय म्हणजे झालं असं नसतं. आधीच्या मालकाने उन्हाळाभर साधं पाणी ओतून पातळी भरलेली असेल तर रंग फिका दिसेल पण दिसेल, आणि पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, ते ब्लॉकच्या आत फुगलं तर इंजिनच जातं. कूलंट मोजायचा हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, दोन थेंबात कळतं किती अंशापर्यंत टिकेल. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं अर्धं मिसळलं तर उणे ३७ च्या जवळपास टिकतं. "मग नुसतं कूलंटच भरतो, अजून चांगलं" असं करू नका, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णता पण कमी वाहून नेतं. डब्यावर रेडी मिक्स लिहिलंय का कॉन्सन्ट्रेट ते नीट वाचा, बरेच जण इथेच चुकतात. रंगावर विश्वास ठेवू नका, हिरवा-गुलाबी हा कंपनीचा खेळ आहे, मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय ते जुळायला हवं, वेगवेगळ्या जातीची मिसळली तर आतलं गंजरोधक रसायन निकामी होतं आणि कधीकधी गाळ धरतो. गरम इंजिनवर टोपण उघडायचं नाही, आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. सांडलेलं लगेच पुसा आणि धुवा, ते चवीला गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं चाटतात, मुलांचा पण भरवसा नसतो.

याच्याशीच जोडलेलं: हीटर नीट गरम हवा देत नसेल तर आधी कूलंटची पातळी बघा. पातळी बरोबर असूनही तापमानाचा काटा खूप उशिरा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की परत खाली येत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, पार्ट छोटा आहे, बऱ्याच गाड्यांत दोन-तीन बोल्टचं काम. काटा बरोबर जागी आहे तरी हवा थंडच, तर हीटरमध्ये हवेचा फुगा अडकला असेल किंवा हीटर कोअर (गरम कूलंटवर हवा तापवणारा छोटा रेडिएटर) चोंदला असेल. लोक हीटरला चैन समजतात, पण बर्फात काच स्वच्छ राहते ती त्याच्याच जोरावर.

काचेवर वाफ धरते तेव्हा एसी लावा, हो थंडीत पण. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करतो, दोन्ही एकत्र चालतात. रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद ठेवा, नाहीतर तुमच्याच श्वासाची वाफ आत फिरत राहते. तरी सुटत नसेल तर केबिन फिल्टर काढून बघा, नऊ वर्षांच्या गाडीत तो कधी बदललाच नसेल तर पाचोळ्याचं घरटं निघेल, पाच मिनिटांचं काम आहे. वॉशरच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते संपवून थंडीतलं वॉशर फ्लुइड भरा आणि पंप चालवून ते पाइपात येऊ द्या, नुसतं टाकीत ओतून पाइपातलं पाणी तसंच गोठतं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते. वायपर काचेला चिकटले असताना चालवलेत तर मोटर किंवा लिंकेज जातं, म्हणून रात्री गाडी बंद करायच्या आधी वायपरचा स्विच ऑफ करायची सवय लावा, नाहीतर सकाळी चावी फिरवली की ते आपोआप ओढायला लागतात आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

टायर. बाकी काहीच नाही केलंत तरी चालेल, टायरमध्ये कंजुषी करू नका. साधारण ७ अंशाच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, नक्षी कितीही खोल असली तरी पकड जाते, विंटर टायरचं रबर त्या थंडीत मऊ राहतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह बघा, ती चाचणीतून आलेली खूण आहे, नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. चारही चाकांना घाला. फक्त पुढे दोन घातलेत तर पुढचं टोक पकडतं आणि वळणावर मागचं टोक तुम्हाला ओव्हरटेक करतं. कायद्यात बऱ्याच देशांत किमान नक्षी १.६ मिलिमीटर असते, पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी तरी घालणार नाही. वय पण बघा, टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सेकंडहँड गाडीत कधीकधी स्टेपनी गाडीएवढीच जुनी निघते, तीही तपासा आणि तिच्यात हवा आहे का ते पण.

हवेचं गणित असं की तापमान १० अंशाने उतरलं की टायरमधला दाब अंदाजे दीड ते दोन पीएसआयने उतरतो. म्हणजे २५ अंशाला ३३ भरलेली असेल तर उणे ५ ला २८ च्या आसपास येणार, पंक्चर नसताना. म्हणून थंडी पडली की परत मोजायची, टायर थंड असताना, गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करा असं कुणी सांगितलं तर रस्त्यावर चालवणार असाल तर ऐकू नका. चाकं घरी बदललीत तर नट आधी हाताने, मग ताऱ्यासारखे समोरासमोर आवळत, आणि शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर. पान्यावर उभं राहून आवळायची पद्धत बंद करा, पुढे रस्त्यात पंक्चर झालं की तोच नट तुमच्याने सुटत नाही. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा टॉर्क तपासा, हे विसरलेली चाकं मी डगडगत गॅरेजमध्ये येताना बघितलीत.

बारीकसारीक: दारांच्या रबरांना सिलिकॉनचा हात मारा म्हणजे दार गोठून चिकटत नाही, सगळे दिवे एकदा भिंतीसमोर तपासा, ओल्या बर्फातून आल्यावर रात्री हँडब्रेक केबल गोठण्याची भीती असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालवत असाल तर गाडीचं पोट अधूनमधून धुऊन घ्या, वरची बॉडी चमकते आणि खाली ब्रेक पाइप कुजत असतात.

काय घरी करू नये ते पण सांगतो. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात नको, एसीचा गॅस नको, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा नकोत. ब्रेक पॅडची जाडी बघणं ठीक, पण ब्रेकची हायड्रॉलिक लाइन पहिल्यांदाच उघडत असाल तर जाणकार शेजारी उभा पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि तुमच्या गाडीत कधी बदललं ते माहीत नाही, तेव्हा एवढं एक काम गॅरेजमध्ये करून घ्या.

गाडीत काय ठेवायचं? जंपर केबल (जाड तांब्याच्या, बारीक वायरच्या नुसत्या तापतात), फावडं, थोडी वाळू, हातमोजे, टॉर्च, ब्लँकेट, टो करायचा दोर, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, फोनचा चार्जर, प्यायचं पाणी. बर्फ खरवडायचा स्क्रॅपर डिकीत नको, आत ठेवा, डिकी गोठली तर? आणि पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, अडकलात तर हीटर त्याच्यावरच चालणार आहे.

अडकलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. तासाला दहा मिनिटं चालवा, वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी, आणि दर वेळी सायलेन्सर परत बघायचा. बंद शेडमध्ये गाडी गरम करत ठेवणं याच कारणाने कधीही नको. तशीही सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या गरम करायची गरज नसते, काच साफ झाली की मिनिटभरात निघा आणि पहिले काही किलोमीटर रेस न देता हळू चालवा, इंजिन चालताना लवकर तापतं.

चालवण्याबद्दल थोडंच. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं, नुसत्या गोठलेल्या पाण्यावर दहापट पण. फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. उणे १५ पेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा, कारण वर पाण्याचा थर असतो, आणि पूल रस्त्याच्या आधी गोठतात, त्यांना खालूनही वारा लागतो. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकचं पेडल घट्ट दाबून ठेवा, खडखड आवाज येतो तो बिघाड नाही. घसरलात तर पाय एक्सलरेटरवरून काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडेच हलकं वळवा. कुठल्यातरी मोकळ्या रिकाम्या मैदानात, जिथे परवानगी असेल तिथे, हळू वेगात एकदा मुद्दाम घसरवून बघा, हात शिकतात.

जंप स्टार्टचा क्रम पाठ करा: लाल मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. काढताना उलटा क्रम.

तुमच्या सेल्फपुरतं बोलायचं तर या आठवड्यात तीन आकडे लिहून काढा: सकाळचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, आणि खुंटी ते इंजिन ब्लॉक किती दाखवतंय ते. त्या वेळचं बाहेरचं तापमान पण लिहा. ते कळवलेत की बॅटरी घ्यायची का अर्थची वायर घासायची ते सांगतो.